नागपूरचे दोन दिवस: पांढरा सदरा घरी ठेवा
कापसाची वेचणी उरकली की आम्ही दोन दिवस नागपूर गाठतो. शनिवारी पहिली एसटी धरा, निघताना काही खाऊ नका. उतरल्याबरोबर तर्री पोहे: वर हरभऱ्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा. तर्री पुन्हा मागायला लाजायचं नाही. दुपारी सावजी मटण. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग तीन धुण्यांत निघाला नाही, घरी अजून ऐकून घेतो! रस्सा आधी बोटानं चाखा, मग भाकर कुस्करा. संध्याकाळी फुटाळा तलाव. रविवारी रामटेक, साधारण 50 किलोमीटर. ऊन चढायच्या आत गडमंदिर गाठा. खाली अंबाळा तलाव दिसतो. तिथली माकडं मात्र पिशवी ओढतात. परतताना संत्रा बर्फी, चाखूनच घ्या.