पोषणमूल्यांचे लेबल वाचताना या चुका टाळा

दुकानात एखादे पाकीट हातात घेतल्यावर आपली नजर आधी दर्शनी बाजूच्या ठळक अक्षरांवर जाते आणि बहुतेक वेळा निर्णयही तिथेच होऊन जातो. मागचा बारीक अक्षरांतला तक्ता न वाचताच पाकीट पिशवीत पडते. जे तक्ता वाचतात, त्यांचीही अनेकदा फसगत होते, कारण आकडा कितीचा आहे हे पाहायचे राहून जाते.

समजा, बिस्किटांचा पुडा 120 ग्रॅमचा आहे आणि तक्त्यात 'प्रति सर्व्हिंग साखर 9 ग्रॅम' असे छापले आहे. 9 ग्रॅम फार वाटत नाही. पण वर सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खाण्याचे माप, 30 ग्रॅमचे धरलेले असते, म्हणजे अख्खा पुडा संपवणाऱ्याच्या पोटात 36 ग्रॅम, अर्थात सुमारे नऊ चमचे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 2000 कॅलरींच्या आहारात मुक्त शर्करा (वरून घातलेली साखर, तसेच मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर) दिवसभरात 50 ग्रॅमपेक्षा कमी, आणि जमल्यास 25 ग्रॅमच्या आत असावी. सर्व्हिंगचे माप प्रत्येक उत्पादक सारखेच धरेल असे नाही, त्यामुळे दोन पुड्यांची तुलना नेहमी 'प्रति 100 ग्रॅम'च्या रकान्यावरूनच करावी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'लो फॅट'सारख्या शब्दांची. स्निग्धांश काढल्यावर बिघडलेली चव सावरण्यासाठी पुष्कळदा साखर किंवा स्टार्च वाढवलेले असते, आणि पदार्थ 'हलका' आहे या समजुतीने माणूस नेहमीपेक्षा जास्त खातो. 'साखर घातलेली नाही' याचा अर्थही एवढाच की वरून साखर मिसळलेली नाही. फळांच्या रसातली मूळची साखर त्यात असतेच. 'मल्टिग्रेन' लिहिलेले दिसले, तर घटकांची यादी पाहावी. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून मैदा पहिला असेल तर इतर धान्ये नावापुरतीच असण्याची शक्यता मोठी. त्याच यादीत ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज अशी निरनिराळी नावे दिसली, तर ती सगळी साखरेचीच रूपे समजावीत.

सोडियम म्हणजेच मीठ, हा आणखी एक गैरसमज. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. वाटीभर तयार सुपात 800 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते 2 ग्रॅम मीठ झाले, आणि प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी आहे.

चिलीने 2016 मध्ये साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनी खुणा सक्तीच्या केल्या, तेव्हा खूण टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी साखर-मीठ कमी केले. दर्शनी खुणेचा उपयोग होतो, हे यावरून स्पष्ट दिसते. मात्र खूण नसलेला पदार्थ मर्यादेच्या जेमतेम आत असू शकतो, म्हणून तिथेही तक्ता पाहायलाच हवा.

दुकानात घाई असेल, तर घरात नेहमी येणाऱ्या आठ-दहा वस्तूंचे तक्ते एकदा निवांत वाचून ठेवावेत. पुढच्या खरेदीला फक्त नव्या पाकिटांपुरताच वेळ द्यावा लागतो.