'मोशन पिक्चर फनीज वीकली': प्रत खरी की बनावट?

कुणी या अमेरिकन कॉमिक्सच्या अंकाची प्रत दाखवली की मी आधी एकच विचारतो: ही आली कुठून? १९३९ साली अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत फुकट वाटायला हा अंक काढला होता, पण योजना बारगळली. १९७४ मध्ये प्रकाशक लॉइड जॅकेट यांच्या मागे राहिलेल्या सामानात मोजक्या प्रती सापडल्या. मालकांची साखळी तिथवर पोचत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

मग अंकातल्या, चित्रकार बिल एव्हरेटच्या सब-मरिनर (समुद्रातला नायक) या चित्रकथेचं आठवं पान काढा. शेवटच्या चित्रात एक चौकट आहे, तिच्यात 'पुढच्या आठवड्यात चालू' अशा अर्थाची इंग्रजी ओळ हवी. हीच कथा चार पानं वाढवून १९३९ मध्येच 'मार्व्हल कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आली, तेव्हा चौकट राहिली, ओळ गेली. चौकट रिकामी दिसली तर ते पान नंतरच्या छपाईवरून उचललेलं आहे. मला ही खूण फार आवडते, पण ती एकटी पुरेशी नाही. ओळ पुन्हा लिहिता येते.

म्हणून खोलीत अंधार करून कागदावर अतिनील टॉर्च मारा. निळसर पांढरा लख्ख उजळला तर कागद बहुधा १९५० नंतरचा. मंद राहिला तरी हुरळू नका, जुना कोरा कागद मिळतो. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा: भोवती काळी भुकटी सांडल्यासारखी दिसली, तर ती झेरॉक्स.