रॅम घेण्याआधी पेजफाईल बघा: मॉड घातलेलं स्कायरिम स्थिर कसं करायचं

"दादा, कापसाचे पैसे आलेत. आणखी 8 जीबी रॅम घेऊ का?" जिंतूरहून आत्याच्या मुलाचा फोन. त्याच्या स्कायरिम स्पेशल एडिशन या गेममध्ये दोनशेच्या आसपास मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल) आहेत. गेममधलं रिव्हरवुड गाव सोडून व्हाइटरन शहराच्या वाटेला लागलं की गेम बंद पडून डेस्कटॉप समोर. मी म्हटलं, पैसे राहू दे, आधी टास्क मॅनेजर उघड.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. गेम चालू ठेवून 'परफॉर्मन्स'मधल्या 'मेमरी'वर जा आणि 'कमिटेड' हा आकडा बघा. त्याच्याकडे 11.7/11.9 जीबी दिसलं. गेम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती देण्याची हमी घेतं. हमीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल. ती भरली की पुढची मागणी नाकारली जाते आणि गेम कोसळतो. 2011 चं मूळ स्कायरिम 32-बिट होतं, त्याची अडचण वेगळी. 2016 ची स्पेशल एडिशन 64-बिट आहे, पण हमीची ही मर्यादा तिलाही लागू आहेच. एसएसडीवर जागा वाचावी म्हणून त्यानं पेजफाईल 4 जीबीवर बांधून ठेवली होती.

ती वाढवायला विंडोजच्या सर्चमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. तिथून 'परफॉर्मन्स'च्या सेटिंग्ज, 'अ‍ॅडव्हान्स्ड', मग 'व्हर्च्युअल मेमरी'. आपोआप सांभाळण्याची खूण काढा, एसएसडी निवडा, 'कस्टम साइज'च्या दोन्ही रकान्यांत 20480 (एमबी, म्हणजे 20 जीबी) लिहा. नंतर 'सेट' दाबा. नुसतं 'ओके' दाबलं तर बदल लागत नाही, इथं बरेच जण फसतात. मग मशीन रीस्टार्ट करा. एवढ्यानं त्याचं व्हाइटरन उघडलं.

आता टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं. हे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं, कारण 4 जीबी ग्राफिक्स कार्डवर लोक रांजणापासून झाडूपर्यंत सगळं 4के करून ठेवतात. बीसी7 या दाबून साठवण्याच्या प्रकारातलं एक 4के टेक्स्चर, दूरून दिसताना लागणाऱ्या लहान प्रतींसह, सुमारे 21 एमबी खातं, 2के साधारण साडेपाच, 1के दीड एमबीच्या आत. शिवाय एका वस्तूला रंगाचं आणि उठावाचं अशी किमान दोन लागतात. डोंगर, जमीन आणि चेहरे 2के ठेवा, भांडीकुंडी 1के. कॅथेड्रल अ‍ॅसेट्स ऑप्टिमायझर या प्रोग्रॅमनं आकार कमी करता येतो. मूळ फोल्डरची प्रत आधी काढून ठेवा.

एसकेएसई (अनेक मॉडना लागणारी स्क्रिप्टची जोड) आणि एसएसई इंजिन फिक्सेस (गेमच्या चुका सुधारणारा मॉड) तुमच्या गेमच्या आवृत्तीशी जुळणारेच घ्या. इंजिन फिक्सेस गेमचा जुना मेमरी व्यवस्थापकही बदलतं. स्टीममध्ये 'गेम सुरू करतानाच अपडेट' निवडा आणि गेम एसकेएसईच्या लोडरनंच सुरू करा. मॉड कोणत्या क्रमानं चालू व्हावेत हे लावायला लूट हा प्रोग्रॅम. गेम कोसळल्याची नोंद ठेवणारा क्रॅश लॉगर टाकलात तर 'माय गेम्स'मधल्या एसकेएसई फोल्डरात नोंद मिळते. सलग तीन नोंदींत एकाच मॉडची फाईल दिसली की शोध तिथून सुरू करायचा.

चालू खेळातून स्क्रिप्टवाला मॉड काढू नका. त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि वीस तासांनी त्रास देतात. काढायचाच असेल तर तो टाकण्याआधीच्या सेव्हवर परत जा. फ्रेम सेकंदाला 60 वर बांधा, कारण या गेमचं भौतिकशास्त्र फ्रेमच्या वेगाशी जोडलेलं आहे.

अजून एक, आपल्याकडचं. डेस्कटॉप दिसला तर दोष बहुधा गेम, मॉड किंवा मेमरीचा, पण आख्खं मशीनच बंद पडलं तर आधी उष्णता बघा. मे महिन्यात परभणीत पत्र्याच्या खोलीत कॅबिनेट हात लावू देत नाही. पंख्यातली धूळ काढा, पुढची बाजू मोकळी ठेवा. लाईट जाण्याची वेळ असेल तर दर अर्ध्या तासाला जुन्यावर न लिहिता नवं सेव्ह करा. लिहिता लिहिता वीज गेली तर ती एकच फाईल जाते, मागची शाबूत राहते.

त्या पोरानं रॅम घेतली नाही. त्या पैशांतून यूपीएस आणला.