कलेतून मुलांना सावरताना या चुका टाळा

हिंसा, विस्थापन, जवळच्या माणसाचा मृत्यू असं काही सोसलेल्या मुलांसाठी जे कलावर्ग सुरू करतात, त्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. वर्ग फसतो तो मोठ्यांच्या घाईमुळे. मुलाचं दुःख पटकन बाहेर यावं, कागदावर दिसावं, आणि जमलं तर अहवाल पाठवायच्या आत ते बरंही व्हावं, अशी ही घाई.

‘मनातलं दुःख काढा’ असा विषय देणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पहिल्याच दिवशी कागद वाटून ‘आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग काढा’ म्हटलं, की ज्यांची आपली धड ओळखही नाही त्यांच्या जखमेची खपली आपण ओढतो. आघात होतो तेव्हा मुलाच्या हातात काहीच नसतं. वर्गातही काय काढायचं, किती सांगायचं हे दुसऱ्यानेच ठरवलं, तर तीच हतबलता त्याच्या वाट्याला पुन्हा येते.

दुसऱ्या महायुद्धात तेरेझीनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना डांबलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या मुलांना फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती शिकवत होती. भोवती भूक, आजार आणि पुढच्या छावण्यांकडे निघालेल्या आगगाड्या. तरी तिच्या वर्गात रेषांचे सराव चालत, जुन्या चित्रांचा अभ्यास होई, मिळेल त्या कागदाचं कोलाज होई. मुलांनी फुलं काढली, घरं काढली. चित्रावर प्रत्येकाने आपलं नाव घालायचं, हा तिचा आग्रह. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आलं. तिने दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे उरली. इतक्या भयाण जागी तिने मुलांना आधी कला नीट शिकवली, हे मला फार मोलाचं वाटतं. हात बसतो, नजर तयार होते, आणि मग ज्याला जे काढायचं ते तो आपल्या वेळेला काढतो.

म्हणून दोन-तीन विषय द्या, त्यातला एखादा अगदी बिनधोक असू द्या. ‘आज नुसतं बसून बघतो’ म्हणणाऱ्यालाही वर्गात जागा हवी.

चित्र ‘वाचायला’ बसणं

मुलीने अख्खा कागद काळा केला की ताई-दादांचे चेहरे गंभीर होतात. कधी कधी कारण एवढंच असतं, की डब्यात टोक शाबूत असलेला तेवढाच खडू उरला होता! एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करता येत नाही. ते प्रशिक्षित कलाउपचारकही करत नाहीत. ‘हे काळं का?’ यात जाब विचारल्याचा सूर येतो. त्यापेक्षा ‘इथे खूप जोर लावून रंगवलंयस’ असं, दिसतं तेवढंच बोला आणि थांबा. सांगायचं असेल तर ती सांगेल.

बक्षिसं आणि प्रदर्शन

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम असं काहीबाही केलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ताणाशी निगडित कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी झालं, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. ही सगळी प्रौढ मंडळी होती, हे खरं. तरीही ‘पहिला नंबर’ काढायचा मोह आवरायला एवढं पुरे. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर त्या मुलाला विचारा, आणि नंतर त्याचं मन बदललं तर कुरकुर न करता ते उतरवा. देणगीदारांसमोर मुलाला त्याची कहाणी सांगायला उभं करणं मात्र कायमचं बंद करा.

मूल कोमेजलं म्हणून घाबरणं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, स्वतःवरच्या आघाताबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांचा मूड खालावला. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. तेव्हा थोडी उदासी म्हणजे वर्ग फसला असं नाही. फक्त त्याच अवस्थेत मुलाला घरी धाडू नका. शेवटची पंधरा मिनिटं ब्रश धुणं, पसारा आवरणं, एखादं गाणं यांसाठी राखून ठेवा. उदासी दिवसेंदिवस हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर समुपदेशकाला लगेच गाठा. तो कोण, हे पहिल्या वर्गाआधीच ठरलेलं हवं. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. मुलाला धोका असेल तर सांगावंच लागतं, हे त्याला सुरुवातीलाच कळू द्या.

ऐन वर्गात अडलं तर

कागद फाडला, तर फाडू द्या. त्याला हवं असेल तर तुकड्यांचं कोलाज होईल. दुसऱ्याचा फाडला, तर तिथेच थांबवा. कुणीच बोलत नसेल तर तुम्हीही गप्प बसून चित्र काढा. नाटुकल्यात मारणाऱ्याची भूमिका मार खाल्लेल्या मुलाच्या गळ्यात घालू नका.

वर्ग एके दिवशी अचानक बंद करू नका. शेवटची तारीख काही आठवडे आधी सांगा. चित्रं घरी न्यायची की तुमच्याकडे ठेवायची, हेही एकेकाला बाजूला घेऊन विचारा. काही मुलांना ती घरी कुणी पाहिलेली परवडत नाहीत.