रविवारी पण डीलरचे फोन चालूच? माझा अनुभव

मी पंप आणि स्पेअर पार्टचा सेल्समन, सातारा-कराड-सांगली-मिरज अशी लाईन, सोमवार ते शनिवार बाहेर. प्रॉब्लेम हा की रविवारी सकाळी सातपासून डीलरचे व्हॉट्सॲप सुरू, "तीन एचपीचा रेट पाठव", "माल निघाला का". मुलगी एकदा म्हणाली, बाबा घरी असून पण नाहीच आहेत. खूप लागलं ते.

आधी फोन सायलेंट केला तर घरचेच कॉल मिस झाले. नेट बंद ठेवलं तर सोमवारी डीलर चिडलेले, की साधा रिप्लाय पण नाही.

शेवटी जमलं ते असं. ऑफिसच्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं आणि सगळ्या डीलरना सांगितलं की ऑर्डर याच नंबरवर. मग बिझनेस प्रोफाइलमध्ये वेळ भरली, सोमवार ते शनिवार ९ ते ७, रविवार बंद. मग बिझनेस टूल्समध्ये अवे मेसेज (आपण नसताना आपोआप जाणारा रिप्लाय) चालू केला, शेड्यूलला "वेळेबाहेर" निवडलं, मेसेज लिहिला: "आज सुट्टी, ऑर्डर लिहून ठेवा, सोमवारी १० च्या आत कन्फर्म करतो." मग त्या ॲपचं नोटिफिकेशन बंद, आणि शनिवारी रात्री सेटिंगमधून ऑफिसचं सिम ऑफ. सिम ऑफ असलं तरी घरच्या नंबरच्या नेटवर ॲप चालतं, पण नेट चालू पाहिजेच, नाहीतर अवे मेसेज जात नाही, मी पहिल्या रविवारी इथंच फसलो होतो.

आणि सोमवारी दहाच्या आत कन्फर्म करायचंच, मी एसटीतच बसून करतो.