घरात एकाला उलट्या-जुलाब लागले? मग या चुका टाळा

पावसाळ्यात मुंबईत कोणाचं पोट बिघडलं की सगळे पहिलं विचारतात, बाहेर काय खाल्लंस? ठीक आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातली बाकीची माणसं पण आडवी झाली तर ते बऱ्याचदा पाणीपुरीमुळे नसतं, पहिल्या पेशंटकडूनच आलेलं असतं. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस असाच पसरतो, शरीरात गेल्यावर साधारण 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो आणि मोजके कण पोटात गेले तरी पुरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सॅनिटायझरवर भरवसा. कोविडमध्ये सवय लागली ती अजून आहे, पण या व्हायरसवर अल्कोहोलवालं सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, 20 सेकंद, नखांजवळ सुद्धा. पाणी ठराविक वेळेलाच येत असेल तर नळाची एक बादली हात धुवायला वेगळी ठेवा आणि दुसऱ्याला मगाने पाणी ओतायला सांगा, बादलीत हात बुडवू नका. पिण्याच्या हंड्यात तर पेला बुडवायचाच नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरा.

लादीवर उलटी झाली की लगेच फडकं मारायचं आणि त्याच फडक्याने किचनपर्यंत पुसत जायचं, हे तर अजिबात नको. उलटी होताना बारीक थेंब हवेत उडतात, म्हणून आधी मुलांना दुसरीकडे पाठवा, खिडकी उघडा, मास्क-ग्लोव्हज घाला, वर जुने पेपर टाकून सगळं उचला आणि पिशवीची गाठ मारून टाका. मग साबणाच्या पाण्याने पुसून ब्लीच. फिनेलचा वास आला म्हणजे व्हायरस मेला असं नसतं हो! ब्लीच म्हणजे 5 टक्केवालं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर उलटी-जुलाब पडलेल्या जागेला 1 लिटर पाण्यात 100 मिली, आणि कडी, नळ, फ्लशचं बटण, संडासातला मग यांना 20 मिली पुरे. निदान 5 मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. मिश्रण रोज ताजं करा. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस होतो, छोट्या बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

कपडे-चादरी झटकू नका, वेगळ्या गरम पाण्यात धुवा.

उलट्या थांबल्या म्हणजे झालं, असं समजून लगेच डबे करायला किंवा सोसायटीच्या प्रसादाचे मोदक वळायला बसू नका. बरं वाटल्यावर सुद्धा निदान 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक नको, शौचातून व्हायरस त्यानंतरही बरेच दिवस जात राहतो. घरकामाला येणाऱ्या ताईंना त्रास होत असेल तर पगार न कापता सुट्टी द्या, पैसे कापले जातील म्हणून त्या आजारी असताना चार घरी जातात आणि त्यात त्यांचेही हाल होतात, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पेशंटला ओआरएस देताना अख्खं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत सुरू करा. टेट्रापॅकमधली गोड ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नाही, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा ड्रिंक्सच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली ती याचसाठी. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या व्हायरसवर काही करत नाहीत, जुलाब बंद करायची गोळी तर लहान मुलांना देऊच नका. मुलांना झिंक किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, किंवा तांदूळ धुतल्या पाण्यासारखे जुलाब (हा कॉलराही असू शकतो), तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि हे सगळं रात्री दोनला मेडिकलमध्ये शोधायची वेळ येऊ नये म्हणून जूनच्या आधीच ओआरएसची पाकिटं, ग्लोव्हज, कचऱ्याच्या पिशव्या आणि तारीख बघून ब्लीचची बाटली आणून ठेवा, जुनं ब्लीच कमजोर होत जातं.