आर या प्रोग्रॅमिंग भाषेत लूपमधून टेबल वाढवताय? या चुका टाळा

रिकामी डेटा फ्रेम (आरमधलं टेबल) घ्यायची आणि फॉर लूपच्या प्रत्येक फेरीत आरबाइंड या ओळी जोडणाऱ्या फंक्शनने एक ओळ जोडायची, ही पद्धत शंभरेक ओळींपर्यंत खपून जाते. पुढे प्रोग्रॅम रखडतो, कारण आरबाइंड दर वेळी नवी फ्रेम बनवून आधीच्या सगळ्या ओळी तिच्यात पुन्हा उतरवतो. १०,००० ओळी एकेक करून जोडल्या तर एकूण सुमारे ५ कोटी ओळी लिहाव्या लागतात. ओळी दुप्पट, तर काम चौपट.

म्हणून दर फेरीत मिळणारे तुकडे लिस्टमध्ये साठवा आणि जोडणी शेवटी एकदाच करा. लूपच्या आधी व्हेक्टर फंक्शनने फेऱ्यांइतकी लांब रिकामी लिस्ट तयार करा. दर फेरीचा निकाल दुहेरी चौकटी कंस वापरून त्या क्रमांकावर ठेवा. तुकडे हजारोंनी असतील तर डू-डॉट-कॉल (लिस्टमधले सगळे तुकडे एकदम फंक्शनला देणारं फंक्शन) आणि आरबाइंडपेक्षा डेटा-डॉट-टेबल पॅकेजमधलं आरबाइंडलिस्ट खूप वेगवान. काही तुकड्यांत कॉलम कमी असतील तर त्यात फिल = ट्रू द्या; साधा आरबाइंड तिथे एरर देऊन थांबतो.

इथे एक चूक सहज नजरेतून सुटते. एखाद्या फेरीत निकालच नसेल आणि तुम्ही लिस्टच्या त्या जागी नल (म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य) ठेवलात, तर ती जागाच लिस्टमधून गळते. लिस्टला फाइलींची नावं दिलेली असतील तर पुढची नावं एकेक घर सरकतात आणि एका फाइलचा डेटा दुसरीच्या नावावर जातो. एररही येत नाही! अशा फेरीत नेक्स्ट लिहून पुढे जा. ती जागा मुळातच रिकामी आहे आणि जोडणीत ती आपोआप वगळली जाते.

ओळ सी() या मूल्यं एकत्र करणाऱ्या फंक्शनने बनवू नका. मजकूर आणि आकडा एकत्र आले की आकड्याचाही मजकूर होतो, जोडल्यावर अख्खा कॉलम मजकुराचा बनतो आणि पुढे बेरीज अडते. ओळ डेटा-डॉट-फ्रेमनेच बनवा.

आधीच पूर्ण आकाराची फ्रेम घेऊन तिचा एकेक चौकोन भरणं हाही अर्धाच उपाय, कारण फ्रेममध्ये प्रत्येक वेळी लिहिण्याचा खर्च मोठा असतो. प्रत्येक कॉलमसाठी न्यूमेरिक किंवा कॅरेक्टर फंक्शनने वेगळा व्हेक्टर (एकाच प्रकारच्या मूल्यांची रांग) घ्या, तो भरा आणि फ्रेम शेवटी बांधा.

लूप १:एन असा (एन म्हणजे फेऱ्यांची संख्या) लिहिला आणि एन शून्य निघाला, तर तो १ आणि ० अशा दोन फेऱ्या मारतो. तिथे सीक्-लेन वापरा.